हात कोणाचा?

लॉगबुकातला सगळ्यांत अरुंद रकाना उजवीकडे, गाइडच्या सहीच्या अलीकडे असतो. तारीख, आयपीडी नंबर, वय, निदान, शस्त्रक्रियेचं नाव यांना ऐसपैस जागा मिळते. या रकान्यात जेमतेम दोन अक्षरं मावतात. शस्त्रक्रिया नुसती पाहिली असेल तर ‘ओ’, असिस्ट केली असेल तर ‘ए’, सरांच्या किंवा मॅडमच्या मदतीनं केली असेल तर ‘पीए’, आणि स्वतःच्या बळावर केली असेल तर ‘पीआय’. कॉलेजागणिक वहीचा आराखडा थोडाफार बदलतो, बऱ्याच ठिकाणी ती आता संगणकावर गेली आहे, पण या रकान्यातून कोणी सुटत नाही. एम.एस.ची तीन वर्षं म्हणजे त्या पहिल्या अक्षराकडून शेवटच्या अक्षराकडे सरकत जाणं.

हा रकाना मी आधी भरत होते. आता दुसऱ्यांनी भरलेल्यावर सही करते. दोन्ही बाजूंनी पाहूनही तो विचारतो तो प्रश्न मला सुटलेला नाही. त्या दिवशी, त्या टेबलावर, हात कोणाचा होता?

पहिल्या वर्षी उत्तर सोपं असतं, कारण तुमच्या हातात रिट्रॅक्टर असतो. रजिस्ट्रार म्हणतात, “वॉश हो,” आणि तुम्ही कोपरापर्यंत हात घासून, गाऊन-ग्लोव्ह्ज चढवून, दोन मोठ्या माणसांच्या खांद्यांमध्ये उरलेल्या फटीत उभे राहता. पोट उघडलेलं असतं, पण तुम्हाला दिसते समोरच्याची टोपी. रिट्रॅक्टर धरलेली बोटं हळूहळू बधिर होतात. कोणीतरी न बोलता तुमचं मनगट इंचभर डावीकडे सरकवतं आणि म्हणतं, “हलू नकोस आता.” मग कधीतरी समोरचा माणूस मान बाजूला करतो, आणि दिव्याच्या त्या पांढऱ्या झोतात यकृताची कडा, तिच्याखाली पित्ताशयाचा निळसर हिरवा फुगवटा असं सगळं एकदम दिसतं. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक अवयवाला कडेनं काळी रेघ असते. इथे सगळं ओलं, हलतं, एकमेकांत मिसळलेलं असतं. ग्लोव्ह्जमधूनही ऊब लागते. मॉनिटरची लय आपण ऐकत नसतो, पण ती जराशी बदलली तरी टेबलाभोवतीच्या साऱ्या माना वर होतात. रात्री हॉस्टेलच्या खोलीत हे सगळं एका ‘ए’मध्ये लिहायचं.

गुंता पुढे सुरू होतो. कधीतरी मध्यरात्रीच्या इमर्जन्सीत सर टेबलाची बाजू बदलतात. रोजची त्यांची जागा, रुग्णाच्या उजवीकडची, मोकळी सोडून ते समोर जातात आणि म्हणतात, “घे.” ॲपेंडिक्स असतं. उजव्या ओटीपोटावर तिरकी चीर, मग चरबी, मग एक्स्टर्नल ऑब्लिकचा तो चकाकता पांढरा पडदा, जो त्याच्या धाग्यांच्या दिशेनंच कापायचा. खालचे स्नायू कापायचे नाहीत, आर्टरी फोर्सेप्सच्या टोकानं फाकवायचे. पेरिटोनियम दोन आर्टरींमध्ये उचलायचं, चिमटीत आतडं तर आलं नाही ना हे बोटांनी चाचपायचं, मग लहानसा छेद. आत सीकम सापडलं की त्यावरच्या टीनियाचा माग काढत जायचं. ती पट्टी न चुकता ॲपेंडिक्सच्या मुळाशी नेते. हे सारं मी केलं. चाकू माझ्या हातात, आर्टरी माझ्या हातात, शेवटची गाठ माझी. सरांनी काय केलं? काहीच नाही, असं त्या रात्री शपथेवर सांगितलं असतं.

सरांनी काय केलं होतं ते पुढे, मी स्वतः समोरच्या बाजूला उभी राहू लागले तेव्हा कळलं. समोरचा माणूस ऊतींना ताण देतो. तो ताण योग्य दिशेला, योग्य इतका असेल तर चाकूला जायला एकच वाट उरते, आणि ती बरोबरच असते. तो स्वॉब अशा जागी टेकवतो की रक्त पुसलं जातं आणि पुढची पायरीही आपोआप दिसते. नवख्याला वाटतं, मी रस्ता शोधला. रस्ता समोरून उघडला जात होता. चांगला शिक्षक नवख्याच्या हातांनी स्वतः ऑपरेशन करतो आणि त्याला पत्ता लागू देत नाही. मग त्या रात्रीचा हात कोणाचा?

आमच्यातली एक मैत्रीण आता इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सा करते. तिच्याकडच्या नोंदीत हा रकाना आमच्यापेक्षा बारीक दळलेला आहे. देखरेखीखाली केली एवढ्यावर तिथे भागत नाही. देखरेख करणारा हात धुऊन टेबलाशी उभा होता की हात न धुता थिएटरात होता, याची वेगळी अक्षरं आहेत. मला हा भेद फार खरा वाटतो. सर ग्लोव्ह्ज घालून समोर असणं आणि सर भिंतीशी स्टुलावर बसून असणं, यांत शिकणाऱ्याच्या छातीतल्या ठोक्यांचा फरक असतो. शेवटचं अक्षर तर मला सगळ्यांत आवडतं: आपल्याहून लहानाकडून करून घेतली. स्वतः करण्याच्या पुढेही एक पायरी आहे आणि ती मागे सरकण्याची आहे, हे त्यांनी नोंदवहीतच लिहून ठेवलं आहे.

मोजणी हवीच. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या पाच वर्षांत किमान 850 मोठ्या शस्त्रक्रिया केल्याची नोंद लागते, त्यातल्या 200 शेवटच्या वर्षात. आपल्याकडेही लॉगबुक पूर्ण असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. हात सरावानंच तयार होतो, हे सुश्रुतापासून ठाऊक आहे. त्यानं शिष्याला आधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी कापायला लावली, चिखलपाण्यानं भरलेल्या कातडी पिशव्यांवर छेद घ्यायला लावले, कापडी बाहुल्यांवर पट्ट्या बांधायला लावल्या, आणि मगच माणसाजवळ जाऊ दिलं. पण किती केल्या एवढंच लिहिणारी वही अर्धीच असते, हे अर्नेस्ट कॉडमननं शंभर वर्षांपूर्वी सांगितलं. बॉस्टनच्या या शल्यविशारदानं प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवलं आणि वर्षभरानंतर त्याचं काय झालं ते त्या कार्डावर लिहिलं. 1911 ते 1916 या काळात त्याच्या छोट्याशा खासगी रुग्णालयातून 337 रुग्ण घरी गेले. त्यांत आपल्याकडून 123 चुका झाल्या असं त्यानं छापून जाहीर केलं. त्याच्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. आमच्या लॉगबुकात आजही ‘पुढे काय झालं’ हा रकाना नाही. मला तो हवा आहे. टाके निघाल्यावर माणूस जिना चढला का, शेतात गेला का, हर्निया पुन्हा आला का, हे त्याच पानावर शिकणाऱ्याच्या हस्ताक्षरात असायला हवं.

लॉगबुकाहून मला ओटी रजिस्टर अधिक प्रामाणिक वाटतं. ते आडवं, जाडजूड, कोपरे झिजलेलं असतं आणि इनचार्ज सिस्टरांच्या टेबलावर उघडंच पडलेलं असतं. त्यात सर्जन एकटा नसतो. त्याच्या शेजारी असिस्टंट, मग भूल देणारे, मग स्क्रब सिस्टर, मग फ्लोअरवर कोण होतं ते. रुग्णाचं नाव पूर्ण, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. पोट बंद करण्याआधी सिस्टर मोठ्यानं मॉप मोजतात आणि “काउंट बरोबर” म्हणतात; तोवर विभागप्रमुखसुद्धा सुई हातात घेऊन थांबलेले असतात. त्या दोन शब्दांची नोंद सिस्टरांच्या सहीनं होते. शिकत असताना मी कितीदा लॉगबुक भरायला ते रजिस्टर मागून घेतलं. आडव्या ओळीतली सात-आठ नावं वाचायची आणि त्यांतलं फक्त आपलं उचलून आपल्या वहीत आणायचं. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही, आणि वावगं नव्हतंही; वही माझी होती. पण ऑपरेशन त्या सात-आठ जणांचं होतं.

पुण्याजवळ घडलेल्या एका शस्त्रक्रियेची नोंद मी वरचेवर काढून वाचते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापलेलं ते एक पत्र आहे. कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. कृती इतकी नेमकी लिहिली आहे की वाचताना बोटं शिवशिवतात. नाकाच्या उरलेल्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त वाहतं राहील. कातडी वळवून खाली आणायची, कडा बसवायच्या, वर पाण्यात मऊ केलेला कात कापडाला लावून चिकटवायचा. रुग्णानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. आज प्लास्टिक सर्जन कपाळाच्या कातडीचा फ्लॅप फिरवतात तेव्हा त्यामागचं तत्त्व तेच असतं.

त्या पत्रात रुग्णाचं नाव आहे. ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिलेल्या मुंबई इलाख्यातल्या दोन गोऱ्या डॉक्टरांची नावं आहेत. कावसजीचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ते पत्र वाचून जोसेफ कार्प्यूनं लंडनमध्ये 1814 साली हीच शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक छापलं, म्हणून त्याचं नाव आहे. ज्यानं नाक केलं त्याच्याबद्दल पत्र एवढंच सांगतं, की तो वीटकऱ्यांच्या जातीतला होता. ‘ओ’ लिहिणाऱ्यांची नावं राहिली. ‘पीआय’ कोऱ्या जागेसमोर आहे. तो कोणाकडे शिकला? बापाकडे, मामाकडे? पहिल्यांदा मेणाचा पत्रा हातात घेतला तेव्हा समोर कोण उभं होतं? दिवसभर मातीत असलेल्या बोटांना कातडीची जाडी कशी उमगली? वेल्सच्या चित्रात कावसजी डोक्याला पागोटं बांधून सरळ आपल्याकडे पाहतो. त्याच्या कपाळावरचा तो व्रण एवढीच त्या माणसाची नोंद, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं केलेली आहे.

असं फक्त आपल्याकडे आणि फक्त जुन्या काळात झालं असं नाही. 29 नोव्हेंबर 1944 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी आयलीन सॅक्सन या हृदयदोष असलेल्या, निळ्या पडलेल्या लहानग्या मुलीची शस्त्रक्रिया केली. हातात सुई ब्लॅलॉक यांच्या होती. त्यांच्या मागे, स्टुलावर चढून, खांद्यावरून वाकून पाहत व्हिव्हियन थॉमस उभे होते आणि टाका कुठून घ्यायचा ते हळू आवाजात सांगत होते. थॉमस कृष्णवर्णीय होते, वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती, प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. पण ही रक्तवाहिनी त्या रक्तवाहिनीला जोडण्याची रीत कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून त्यांनीच बसवली होती, त्यासाठी लागणारी अवजारंही जुळवली होती. पुढच्या वर्षी निबंध छापून आला तो ब्लॅलॉक आणि हेलन टॉसिग यांच्या नावावर. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळाली 1976 मध्ये. अलीकडे पुष्कळ डॉक्टर त्या जोडणीच्या, म्हणजे शंटच्या, नावात ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या मधे थॉमस हे नाव घेतात.

आमच्या लॉगबुकाच्या नियमानं थॉमस यांनी त्या दिवशी काय लिहिलं असतं? हात धुऊन टेबलाशी नव्हते, म्हणजे ‘ए’ नाही. उरतं ‘ओ’: पाहिली. ते अक्षर मनात उमटतं तेव्हा मला खरोखर वेदना होते. म्हणूनच हा रकाना भरताना कोणी घाई केली तर मी चिडते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत भरल्या जातात हे सगळ्यांनाच माहीत आहे. आकडे कदाचित जुळतात. पण कोणाच्या हाताखाली, कोणाच्या ताणावर, कोणाच्या एका शब्दामुळे ते ऑपरेशन पार पडलं, हे त्याच रात्री लिहिलं नाही तर कायमचं जातं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्या तेव्हा वाटलं होतं, आता वहीची गरजच सरली. मुंबईत जे.जे. रुग्णालयात तेहमतन उडवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि पुढे तीन दशकांत तालुक्याच्या गावीही या शस्त्रक्रियांचे पडदे पोचले. आता सगळं चित्रित होतं. रेसिडेंट पेन ड्राइव्ह घेऊन येतात, स्वतःची केस रात्री पुन्हा पाहतात, कुठे हात थरथरला ते थांबवून पाहतात. मला हे फार मोलाचं वाटतं. आम्हाला आमचे हात असे कधी पाहायला मिळाले नाहीत. अमेरिकेत मिशिगनमधल्या 20 शल्यविशारदांनी लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेच्या आपापल्या चित्रफिती दिल्या होत्या आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी नाव न कळता त्या तपासल्या. ज्यांचे हात कमी सफाईचे ठरले, त्यांच्या रुग्णांना गुंतागुंती जास्त झालेल्या आढळल्या. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. हात लपत नाही, एवढं त्यातून नक्की झालं.

पण पडद्यावर माणूस दिसत नाही. दोन बारीक अवजारांची टोकं दिसतात. मधेच ती टोकं जराशी थांबतात, कोन बदलतो, हालचाल एकदम मऊ होते आणि सिस्टिक डक्टभोवतीचा गुंता सुटतो. पाहणाऱ्या जाणत्याला कळतं, की इथे अवजारं या हातांतून त्या हातांत गेली. आणखी अर्ध्या मिनिटानं ती परत नवख्याकडे आली. चित्रफितीत याची कुठेच नोंद नसते. कॅमेरा धरणारा तर संपूर्ण चित्रफितभर असतो आणि एकदाही दिसत नाही. प्रत्येक क्षण त्याच्या नजरेतून पाहिलेला असतो, श्वास रोखून, क्षितिज आडवं ठेवून. तोही रात्री ‘ए’च लिहितो.

आणि टेबलावर जो झोपलेला असतो, त्याचं काय? शासकीय रुग्णालयात संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेताना नातेवाईक कधी कधी विचारतात, “मोठे डॉक्टरच करतील ना?” मी खरं सांगते. म्हणते, मोठे डॉक्टर टेबलाशी असतील, शिकणारे डॉक्टरही असतील, पेशंटच्या जिवाला धोका होईल असं कोणाला काही करू देणार नाही. चित्रण करायचं असेल तर तेही विचारते, आणि नको म्हटलं तर करत नाही. बहुतेक जण हो म्हणतात. ते हो दरवेळी मोकळेपणानं आलेलं नसतं हे मला कळतं. दुसरीकडे जायला पैसे नसणारा माणूस नाही कसं म्हणेल? महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक शल्यविशारद, आज तो कितीही चकचकीत रुग्णालयात बसत असो, कधीतरी अशाच गरीब माणसांच्या देहावर शिकला आहे. लॉगबुकात त्यांचं नाव न लिहिता आयपीडी नंबर लिहायचा असतो. त्यांची ओळख जपायची असते, म्हणून तेच बरोबर आहे. पण मी माझ्या रेसिडेंटना सांगते, नंबर लिहिताना चेहरा आठवा. आठवत नसेल तर आधी वॉर्डात जाऊन या, मग लिहा.

विद्यापीठाचा आराखडा मला बदलता येत नाही. म्हणून आमच्या युनिटमध्ये एक प्रथा पाडली आहे. प्रत्येक नोंदीच्या बाजूला, समासात, पेन्सिलनं लिहायचं: आज कोणाकडून काय घेतलं. नावं लिहितात मुलं. सरांचं, मॅडमचं लिहितात, पण पुष्कळदा दुसरीच नावं येतात. दिवा नेमका कुठे वळवायचा हे न सांगता ओळखणारे ओटीतले मामा. नस सापडेपर्यंत दम धरायला शिकवणारे भूलतज्ज्ञ. टाके काढताना “बाई, हळू ओढ गं” म्हणालेली आजी. तिचं नाव नाही, फक्त आजी. एका मुलीनं हायड्रोसीलच्या नोंदीशेजारी लिहिलं होतं: डाव्या हातानं गाठ, स्क्रब सिस्टरांनी दाखवली, लिस्ट संपल्यावर, तीनदा.

तिच्या परीक्षेला बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते, सावकाश पानं उलटत होते. त्या समासाशी थांबले. चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली आणि तिला म्हणाले, “दाखव बघू ती गाठ.” तिनं ॲप्रनच्या खिशातून रेशमाचा धागा काढला, खुर्चीच्या दांड्याला अडकवला आणि डाव्या हातानं बांधायला सुरुवात केली. ते पुढे झुकून पाहत राहिले. मग म्हणाले, “पुन्हा एकदा, जरा सावकाश.”